पुसलेल्या रेषेचं काम कोण करणार?

जुन्या कार्टून पात्रांचे हक्क ज्यांच्या हाती आहेत आणि जे ती पात्रं पुन्हा पडद्यावर आणत आहेत, अशा सर्व स्टुडिओंच्या, वाहिन्यांच्या आणि स्ट्रीमिंग कंपन्यांच्या निर्मात्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी क्लीन-अप आर्टिस्ट आहे. ॲनिमेटरच्या कच्च्या रेखाटनात दहा रेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. त्यातली नेमकी एक निवडून ती स्वच्छ ओढायची, पात्र मॉडेल शीटप्रमाणे, म्हणजे ते कसं दिसायला हवं ते ठरवून देणाऱ्या नमुना-चित्रांप्रमाणे, दिसतंय ना ते बघायचं आणि बाकीच्या नऊ पुसायच्या, हे माझं गेल्या सोळा वर्षांचं काम. मराठीत रेषा ‘काढणं’ म्हणजे ओढणंही होतं आणि पुसून टाकणंही. माझ्या कामाला याहून चांगला शब्द मला सापडलेला नाही.

तेव्हा ‘पूर्वीसारखं भरगच्च चित्र काढा’ असं सांगायला मी हे पत्र लिहीत नाहीये. साधेपणाशी माझं भांडण नाही. माझं पोट त्यावर चालतं आणि माझा जीवही त्यात रमतो. रीबूट करताना, म्हणजे जुनी मालिका नव्याने बनवताना, हा साधेपणा ज्या घाईने आणि ज्या एकाच साच्यातून ठरवला जातो, त्याबद्दल मात्र मला तुमच्याशी बोलायचं आहे.

आधी थोडा हिशोब. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. ‘टूज’वर काम केलं, म्हणजे एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं, तर सेकंदाला १२ चित्रं लागतात. अकरा मिनिटांच्या एका भागाला झाली ७,९२०. पात्र भागभर हलत राहणार असेल, तर त्याच्या कपाळावरची एक सुरकुती ७,९२० वेळा ओढावी लागते. तीही प्रत्येक वेळी नेमक्या जागी, नाहीतर पडद्यावर ती वळवळायला लागते. हाताने काम करणाऱ्या माणसाला एक रेषा कमी झाल्याचा आनंद काय असतो, हे मला कुणी सांगायला नको.

म्हणूनच रेषा कमी करणं या धंद्यात पहिल्यापासून आहे. १९४० च्या ‘पुस गेट्स द बूट’मधलं मांजर आठवा. तेव्हा त्याचं नाव जॅस्पर होतं, ते बरंचसं खरोखरच्या मांजरासारखं चार पायांवर वावरायचं आणि अंगावर केसांचे झुपके होते. पुढच्या काही वर्षांत तेच मांजर टॉम या नावाने गुळगुळीत होत गेलं. पण ते गुळगुळीत करणारे विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा त्याच मांजराबरोबर वर्षानुवर्षं बसलेले होते. झुपक्यांचं काम त्यांनी भुवयांना दिलं, डोळ्यांना दिलं, उडी मारण्याआधीच्या त्या अर्ध्या क्षणाच्या थबकण्याला दिलं. पुढे ते जिथे काम करत होते त्या एमजीएम स्टुडिओचा कार्टून विभाग बंद पडला, १९५७ मध्ये या दोघांनी स्वतःचा स्टुडिओ काढला आणि टीव्हीच्या तुटपुंज्या पैशांत भागवण्यासाठी योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आला. कॉलरच्या रेषेवर डोकं धडापासून वेगळं करता येतं, मग धड स्थिर ठेवून फक्त डोकं हलवलं की झालं. उघड उघड काटकसर होती ती. पण आपण इतर अस्वलांपेक्षा हुशार आहोत असं मानणाऱ्या अस्वलाला टाय इतका शोभला, की ती काटकसर योगीच्या स्वभावाचा भाग होऊन बसली.

त्याच्याही आधी यूपीए या अमेरिकन ॲनिमेशन स्टुडिओच्या मंडळींनी १९५० मध्ये ‘जेराल्ड मॅकबोइंग-बोइंग’ केला. त्यात खोलीला धड भिंतीसुद्धा नाहीत, चार वस्तू आणि रंग एवढंच. शब्दांऐवजी नुसते आवाज काढणारा तो मुलगा एकटा पडत जातो तसा पडद्यावरचा रंग बदलत, काळवंडत जातो. भिंतींचं काम रंगाने केलं. त्याला ऑस्करही मिळालं, पण मला त्यातला तो अंधारत जाणारा रंगच जास्त आठवतो.

आता माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगते. स्टुडिओचं आणि मालिकेचं नाव घेत नाही, कारण चूक एकट्या कुणाची नव्हती आणि त्यात माझा हातही होता.

एका जुन्या मालिकेची नवी आवृत्ती करत होतो. तिच्यात एक म्हातारी वैदू होती. जुन्या चित्रांत तिचं नाक किंचित डावीकडे वळलेलं आणि डावी भुवई उजवीपेक्षा चांगली बोटभर वर. का, ते मालिकेत कुठे सांगितलेलं नव्हतं. पण त्या भुवईमुळे ती सतत समोरच्याला जोखते आहे असं वाटायचं. नव्या आवृत्तीत पात्रं रिगवर चालणार होती. रिग म्हणजे पात्राचा संगणकातला सांगाडा: डोकं, हात, बोटं सुटी करून सांध्यांना जोडायची आणि कठपुतळीसारखी हलवायची. डावीकडे बघणारं डोकं एकदा बनवलं की ते फ्लिप करून उजवीकडे बघणारं डोकं फुकट मिळतं. पण चेहरा एका बाजूला कललेला असेल तर फ्लिप केल्यावर नाक एका शॉटमध्ये डावीकडे आणि पुढच्या शॉटमध्ये उजवीकडे वळलेलं दिसणार. म्हणून वरून निरोप आला, चेहरा सरळ करा. मी केला. दुपारभराचं काम होतं. नाक मधोमध आणलं, भुवया एका पातळीवर आणल्या, गालावरच्या दोन रेषा पुसल्या. शीट सुबक दिसत होती, आणि खोटं कशाला बोलू, मला ती आवडलीसुद्धा होती.

तीन आठवड्यांनी एक प्रसंग आला. गावचा मुखिया म्हातारीला काहीतरी सांगतोय, खोटं सांगतोय, आणि ती ऐकून घेतेय. स्टोरीबोर्डवर तिच्या चौकटीखाली एवढंच लिहिलेलं होतं: विश्वास नाही. जुन्या चेहऱ्याला इथे काहीच करावं लागलं नसतं, नुसता क्लोज-अप पुरला असता. नवा चेहरा मात्र ऐकत होता तो ऐकतच होता. आम्ही भुवई उचलून बघितली, तर ती चकित झालेली दिसायला लागली. डोळे बारीक केले तर झोप आल्यासारखी. तोंड वाकडं केलं तर विनोदी. शेवटी लेखकाकडून एक वाक्य मागवलं आणि म्हातारीच्या तोंडी घातलं: ‘मला नाही पटत तुझं.’ मुखियाला ते ऐकू गेलं म्हणून मग त्याची प्रतिक्रिया वाढवावी लागली, आणि पुढच्या भागात तो तिच्या सहज कह्यात जातो ते जमेना, म्हणून तिथेही डागडुजी झाली. एक भुवई सरळ केली होती, तिची भरपाई करायला दोन भागांची पटकथा हलली.

त्या दिवसापासून कुठलीही नवी मॉडेल शीट हातात आली, की मी एकच गोष्ट बघते. जी रेषा गेली ती कसलं काम करत होती, आणि ते काम आता कुणाच्या अंगावर आलंय?

हे काम नीट सोपवलं, की साधेपणा किती बळ देतो याची उदाहरणं तुमच्याच क्षेत्रात आहेत. २०१८ चा ‘ड्रॅगन बॉल सुपर: ब्रोली’ घ्या. पात्रांची रूपं ठरवणाऱ्या नाओहिरो शिंतानी यांनी त्यात ओळखीच्या पात्रांच्या अंगावरच्या रेषा कमी केल्या, चकाकी आणि सावल्यांचे तुकडे कमी केले, कडा मऊ केल्या. पण पुसलेल्या प्रत्येक रेषेचं काम त्यांनी हालचालीला दिलं. स्नायूंवर रेघोट्या नाहीत, पण ठोसा लागल्यावर सबंध शरीर वाकतं, मागे फेकलं जातं, सावरतं. ताकद दिसते ती तिथे. २०१७ च्या ‘डकटेल्स’मध्ये आकार जवळजवळ भूमितीतले झाले, पण जुन्या मालिकेत एकाच आवाजात बोलणारी तीन भावंडं इथे तीन वेगळे आवाज, तीन वेगळे स्वभाव आणि उभं राहण्याच्या तीन तऱ्हा घेऊन आली. रेषा कमी आणि माणसं जास्त झाली. (बदकांना माणसं म्हटलं, ते तसंच राहू द्या.)

आणि ‘टीनएज म्युटंट निन्जा टर्टल्स’. मी एकदा १९८७ च्या मालिकेतले चार कासव आणि २०१८ च्या ‘राइज’मधले चार कासव काळे भरून शेजारी शेजारी लावले, आतला सगळा तपशील बुजवून फक्त सिल्हूट ठेवली. जुन्या चौघांत शस्त्रं काढून घेतल्यावर कोण कुठला ते मला सांगता येईना, कारण त्यांचं वेगळेपण डोळ्यांवरच्या पट्टीच्या रंगात होतं. नव्या चौघांना कासवांच्या चार वेगळ्या जाती दिलेल्या आहेत. राफाएल ‘स्नॅपिंग टर्टल’, म्हणून अंगाने दांडगा आणि काटेरी. डोनाटेलो मऊ पाठीचा, म्हणून पाठीवर स्वतः बनवलेलं यंत्रकवच घालून फिरणारा. काळं भरलेलं असतानाही चौघं झटकन ओळखू आले. ज्या मालिकेचं रूप पाहून पुष्कळांनी नाकं मुरडली, ती या कसोटीवर जुनीपेक्षा सरस ठरली.

म्हणजे जुनं ते सोनं असंही माझं म्हणणं नाही. १९८५ च्या ‘शी-रा’मध्ये फिल्मेशन स्टुडिओने एकच हालचाल पुन्हा पुन्हा वापरता यावी म्हणून बायकांची शरीरं जवळपास एकाच मापाची ठेवली होती. तोही साचाच होता. २०१८ च्या नव्या मालिकेने रेषा सोप्या केल्या आणि शरीरं मात्र उंच, ठेंगणी, जाड, दणकट अशी नाना तऱ्हेची आणली. पहिली चित्रं बाहेर पडताच तिच्यावर तुटून पडलेल्या लोकांनी हे बघितलंच नाही, याचं मला वाईट वाटतं.

मग बिघडतं कुठे? लायन-ओचं उदाहरण मला फार जवळचं वाटतं. १९८५ च्या ‘थंडरकॅट्स’मध्ये तो लहान मुलगा असताना प्रवासाच्या कुपीत झोपतो. कुपीने त्याचं वय रोखून धरायला हवं होतं, ते पुरतं जमत नाही आणि तो उठतो तेव्हा शरीराने पूर्ण वाढलेला पुरुष झालेला असतो. मन तेच, मुलाचं. सबंध मालिका या एका विसंगतीवर उभी आहे. रुंद खांदे, पिळदार दंड, हातात तलवार आणि चेहऱ्यावर क्षणभर उमटणारी पोरकट भीती. ते खांदे नुसते दिखाऊ नव्हते. हा मुलगा अजून त्या खांद्यांना पुरा पडत नाही, हे ते खांदेच सांगत होते. २०२० च्या ‘थंडरकॅट्स रोअर’मध्ये लायन-ओ गोल चेहऱ्याचा, मऊ हातापायांचा, बघताक्षणी हसू येईल असा झाला. विनोदी मालिका करायची होती, ते मी समजू शकते. तिथे काम केलेल्या कलावंतांचे टायमिंग पक्के आहे, हेही माझ्या डोळ्यांना दिसतं. पण शरीरच मुलाचं काढलं की मन मुलाचं आहे यात सांगण्यासारखं काही उरत नाही. खांद्यांच्या रेषेचं काम कुणाकडेच सोपवलं गेलं नाही. मालिका एका सीझननंतर थांबली. रूप हे त्याचं एकमेव कारण होतं असं मी म्हणणार नाही, पण प्रेक्षक ‘हा आमचा लायन-ओ नाही’ म्हणत होते तेव्हा ते केवळ बालपणाच्या आठवणींनी हळवे झालेले नव्हते. काय हरवलंय ते त्यांना शब्दांत सांगता येत नव्हतं, इतकंच.

एकाच चमूच्या हातून एकाच वेळी दोन्ही घडू शकतं. १९९७ मध्ये ब्रूस टिम आणि सहकाऱ्यांनी बॅटमॅनच्या मालिकेतली पात्रं सुपरमॅनच्या मालिकेशी जुळावीत म्हणून सोपी, टोकदार केली. त्यात स्केअरक्रो हा खलनायक गळ्यात फास अडकवलेला, फासावरून उतरून आलेल्या माणसासारखा झाला आणि पूर्वीपेक्षा कितीतरी भयंकर दिसू लागला. त्याच फेरीत जोकरचे लाल ओठ गेले आणि डोळे काळे होऊन त्यांत नुसते पांढरे ठिपके उरले. जोकरचं हसू जिथून सुरू होतं तीच जागा गेली. स्केअरक्रोच्या वेळी ‘हा कोण आहे’ असं विचारलेलं दिसतं. जोकरच्या वेळी ‘बाकीच्यांशी जुळतोय का’ एवढंच विचारलं गेलं असावं, असं मला ती दोन चित्रं शेजारी ठेवल्यावर वाटतं.

आणि इथे रिगबद्दल स्पष्ट बोलायला हवं. ‘बजेट कमी आहे, म्हणून साधं’ हे उत्तर हाताने चित्रं काढायच्या काळात खरं होतं. रिगवर गालावरची सुरकुती एकदा बसवली की ७,९२० वेळा ओढावी लागत नाही, ती चेहऱ्याबरोबर आपोआप जाते. महाग पडतं ते डोकं वळवणं, कलता चेहरा, बाजूने दिसणारं नाक, आणि प्रत्येक पात्राला स्वतःचं तोंड देणं. बोलण्यासाठी साधारण आठ-दहा तोंडांचा संच लागतो. तोच संच सगळ्या पात्रांत फिरवला की वेळ वाचतो, आणि मग राजा, चोर, आई आणि कुत्रा सगळे एकाच घेवड्याच्या दाण्यासारख्या तोंडाने बोलायला लागतात. प्रेक्षकाला जे ‘सगळं एकसारखं’ वाटतं त्याचा मोठा हिस्सा इथे आहे. ही निवड वेळापत्रकाची आहे. ती कलावंताची आवड म्हणून खपवू नका.

कारण शिव्या शेवटी त्यालाच बसतात. ‘कॅलआर्ट्स’ ही कॅलिफोर्नियातली कलासंस्था. तिच्या नावाचा ‘कॅलआर्ट्स स्टाइल’ हा शब्द आता गोल चेहऱ्याच्या कुठल्याही कार्टूनवर फेकून मारतात. ज्यांच्या ‘स्टीव्हन युनिव्हर्स’ मालिकेला ही शिवी सर्रास दिली जाते त्या रिबेका शुगर त्या संस्थेत शिकल्यासुद्धा नाहीत, त्या न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्सच्या. एखादी डिझायनर चार पर्याय काढते, त्यातला सगळ्यात बिनधोक पर्याय मीटिंगमध्ये निवडला जातो, आणि ट्रेलर आल्यावर लोक तिचं नाव शोधून तिला धमकावतात. त्या मीटिंगमध्ये तुम्ही होतात. तेव्हा बोलायलाही तुम्हीच पुढे यायला हवं.

तुम्ही ऐकू शकता, हे आम्ही पाहिलेलं आहे. ‘सॉनिक’चा ट्रेलर ३० एप्रिल २०१९ ला आला, लोक हादरले, दिग्दर्शकाने काही दिवसांत रूप बदलण्याचं कबूल केलं आणि चित्रपट नोव्हेंबर २०१९ वरून फेब्रुवारी २०२० वर गेला. रूप सुधारलं, चित्रपट चालला. पण सगळं करून झाल्यावर पात्र पुन्हा काढायचं म्हणजे काय, हे आमच्या टेबलांना विचारा. तेच ऐकणं पहिली शीट मंजूर होण्याआधी होऊ शकतं.

स्कूबी-डू काढला तेव्हा इवाओ ताकामोतो यांनी हे कसं केलं ते बघण्यासारखं आहे. ग्रेट डेन कुत्र्यांची पैदास करणाऱ्या एका सहकारी बाईंकडून त्यांनी उत्तम कुत्रा कसा असतो ते नीट समजून घेतलं: ताठ पाठ, सरळ पाय. आणि मग प्रत्येक गोष्ट उलटी केली. पाठ कुबडी आणि उतरती, पाय फेंगडे. त्या कुत्र्याची बाह्यरेषा ओढून बघा. हात पाठीवरून शेपटीकडे घसरत जातो तेव्हा हा जीव भुताला बघून आधी पळणार हे हाताला कळतं, तोंड अजून काढायचंच असतं. रेषा अगदी मोजक्या आहेत, आणि त्यातली एकही रिकामी बसलेली नाही.

तुमच्याकडे माझी मागणी लहान आहे. जुनं पात्र नव्याने काढायला घ्याल तेव्हा मूळ मॉडेल शीट त्या खोलीत ठेवा, केवळ ‘संदर्भ’ नावाच्या फोल्डरमध्ये नको. ज्यांनी मूळ पात्र घडवलं त्यांच्यापैकी कुणी हयात असेल तर त्यांना मानधन देऊन एक दिवस बोलवा. पात्रांची तोंडं वाटून घ्यायची असतील तर निदान मुख्य पात्राला स्वतःचं तोंड द्या. आणि नव्या शीटच्या कडेला एक रकाना आखा: कुठली रेषा गेली, का गेली, तिचं काम आता कोण करणार. एका पात्राला अर्धा तास लागेल. रंग करेल, आवाज करेल, चाल करेल, काहीही चालेल, पण कुणाचं तरी नाव तिथे हवं.

माझ्या म्हातारीच्या शीटवर असा रकाना असता तर मी लिहिलं असतं, ‘डावी भुवई सरळ केली. कारण: डोकं फ्लिप करायचं आहे. तिचं काम आता:’ आणि पुढे काय लिहावं ते मला सुचलं नसतं. मग शीट तशीच अर्धवट हातात घेऊन मी दिग्दर्शकाच्या खोलीत गेले असते.

आपली,
एक क्लीन-अप आर्टिस्ट